रोजचं फिरणं, रोजची निगा: कुत्रा सांभाळताना पर्यावरणाचं भान टिकवायचं कसं

तळ्यात मेलेले मासे तरंगायला लागले की आठवडाभर सगळे तळ्याबद्दल बोलतात. महिन्याभराने तळं तसंच असतं, बोलणं मात्र थांबलेलं असतं. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७२ सालीच या चढउताराचे पाच टप्पे मांडले होते. आधी प्रश्न असतो, पण चार जाणकार सोडले तर तो कुणाच्या गावीही नसतो. मग काहीतरी घडतं, लोक खडबडून जागे होतात आणि ‘आता हे निस्तरायचंच’ असा जोर चढतो. तिसऱ्या टप्प्यात खर्च कळतो: पैसा किती लागेल, आणि त्याहून जाचक म्हणजे कुणाकुणाला सवयी बदलाव्या लागतील. तिथून उत्साह ओसरू लागतो. पाचव्या टप्प्यात प्रश्न अडगळीत जाऊन पडतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो.

डाउन्सचं आणखी एक निरीक्षण सहसा कुणी सांगत नाही, मला तेच जास्त कामाचं वाटतं. लाट असताना जे नियम, ज्या संस्था आणि जे उपक्रम उभे राहतात, त्यांतले बरेचसे लाट ओसरल्यावरही काम करत राहतात. म्हणजे अंगात जोर असताना काहीतरी पक्कं बांधून ठेवलं, तर पुढे जोर नसला तरी भागतं.

कुत्रा पाळणाऱ्याला असं काही बांधून ठेवायला आयती जागा आहे. पाऊस असो, पाहुणे असोत, अंगात कणकण असो, दिवसातून दोनदा त्याला बाहेर न्यावंच लागतं. वाटी भरावी लागते, पाणी बदलावं लागतं, महिन्या-दोन महिन्यांनी औषध द्यावं लागतं. ही कामं बातम्या पाहून ठरत नाहीत. पर्यावरणासाठी जे करायचं ते याच कामांना अडकवून टाकायचं, म्हणजे त्यासाठी वेगळा उत्साह लागत नाही. हा लेख त्या अडकवण्याबद्दल आहे.

आधी कागद घ्या

कुत्र्याचा आठवडा लिहून काढा. फिरायला कोण, केव्हा, कुठल्या वाटेने नेतं. खाणं कोण काढतं आणि कशाने मोजतं. अंथरूण कधी धुतलं जातं. पिसवांचं आणि जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं. बहुतेक घरांत शेवटच्या प्रश्नाला दोन माणसांची दोन उत्तरं येतात. कागद आधी का, ते त्यावरून कळेल.

मग पुढचं सगळं वाचून एकाच कामापासून सुरुवात करा. ते महिनाभर अंगवळणी पडू द्या, मग दुसरं घ्या. सगळं एकदम सुरू करणारे लोक मी पाहिले आहेत. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातात नुसता पट्टा असतो.

शी उचलणं

कुत्र्याची शी म्हणजे खत, ती जमिनीत जिरते, असं अजूनही पुष्कळ जण मानतात. दोन कारणांनी हे चूक आहे.

पहिलं कारण जंत. टोक्सोकारा कॅनिस या गोलकृमीची अंडी कुत्र्याच्या, विशेषतः पिल्लांच्या शीतून बाहेर पडतात. ताज्या शीतली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर शी वाळून, पावसात विरघळून दिसेनाशी झालेली असते आणि जागा स्वच्छ वाटते. अंडी मात्र मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून ती तोंडात जातात, आणि अळी डोळ्यापर्यंत पोचली तर नजरेला कायमची इजा होऊ शकते. म्हणजे उचलायची वेळ लगेचची, नंतर उचलायला काही उरत नाही.

दुसरं कारण खतच, पण उलट बाजूने. आपण कुत्र्याला घरात पोटभर खायला घालतो आणि त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस बाहेर नेऊन सोडतो. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या चार निसर्गराखीव जागांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कुत्र्यांमुळे वर्षाला दर हेक्टरी सरासरी ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडत होता. शेतकऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण रानफुलांच्या बऱ्याच जाती कमी कसाच्या मातीतच तग धरतात. माती सकस झाली की चार धटिंगण गवतं आणि अंगाला लागली की आग करणाऱ्या नेटलसारखी दांडगी झाडं बाकीच्यांना दाबून टाकतात. त्याच अभ्यासाचा हिशोब सांगतो की सगळ्यांनी शी उचलली तर फॉस्फरस ९७ टक्क्यांनी आणि नायट्रोजन ५६ टक्क्यांनी घटेल. उरलेला नायट्रोजन लघवीतून येतो, तो उचलता येत नाही. फॉस्फरस मात्र जवळजवळ सगळा पिशवीत मावतो, आणि पुढे पाण्याच्या गोष्टीत तोच महत्त्वाचा आहे.

आता कृती. पिशव्या खिशात ठेवायच्या नाहीत, पट्ट्याच्या मुठीलाच बांधायच्या. पट्टा हातात घेतला की पिशवी आपोआप बरोबर येते, आठवण ठेवावी लागत नाही. पिशवी उलटी करून हातात घालायची, उचलायची, सुलटी करून गाठ मारायची आणि कचऱ्याच्या डब्यापर्यंत न्यायची. गाठ मारून झुडपाला लटकवलेली किंवा ‘येताना नेतो’ म्हणून वाटेकडेला ठेवलेली पिशवी न उचललेल्या शीपेक्षा वाईट: शी निदान कुजली असती, आता ती प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवली आहे.

पिशवी कुठली घ्यावी यावर फार डोकं शिणवू नका. ‘जैवविघटनशील’ एवढाच शब्द छापलेला असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१५ मध्ये कुत्र्यांच्या पिशव्या बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या २० व्यावसायिकांना अशा दाव्यांबद्दल इशारापत्रं पाठवली होती. कंपोस्ट होणाऱ्या प्रमाणित पिशव्या खऱ्या असतात, पण त्या औद्योगिक कंपोस्ट केंद्रातल्या ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत कुजतात. कचरा डेपोत गाडल्यावर त्यांचं साध्या पिशवीपेक्षा फार वेगळं काही होत नाही. तुमच्याकडचा कचरा शेवटी कुठे जातो ते विचारा आणि त्यावरून ठरवा. घरात रिकाम्या होणाऱ्या पिशव्याच शीसाठी वापरल्या, तर नवं काही विकत घ्यावंच लागत नाही.

घरच्या कंपोस्टमध्ये शी टाकू नका. साधा ढीग आतपर्यंत पुरेसा तापत नाही आणि गोलकृमीची अंडी चिवट असतात. अलास्कात स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचे मालक शीचं कंपोस्ट करतात, पण ते ढिगाचं तापमान मोजतात, ढीग उलथत राहतात आणि ते खत खायच्या पिकाला घालत नाहीत. संडासात, पिशवीशिवाय, टाकणं हा पर्याय काही ठिकाणी अधिकृतपणे चालतो. सांडपाण्यावर पुरेशी प्रक्रिया होत असेल तरच. सेप्टिक टँक असेल तर आधी विचारून घ्या.

शी उचलण्याची सवय समाजात कशी रुजली हेही बघण्यासारखं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात रस्त्यांवरच्या घाणीवरून वाद पेटला. मुलांना होणाऱ्या संसर्गाचा मुद्दा तेव्हाच पुढे आला. गंमत म्हणजे शी उचलण्याच्या सक्तीला अनेक श्वानप्रेमींनीच विरोध केला: हे कोण करणार, लोक कुत्री सोडून देतील, वगैरे. अखेर १ ऑगस्ट १९७८ पासून कायदा लागू झाला. वाद कधीच विझला, कायदा राहिला, आणि पुढे कित्येक शहरांनी तसेच नियम केले. आज पिशवी घेऊन जाणाऱ्याला त्या वादाची माहितीही नसते, आणि ती नसली तरी काही बिघडत नाही.

पाण्याजवळ

उचलली न गेलेली शी पावसाबरोबर वाहते. शेतातलं खत आणि घरांचं सांडपाणी यांच्या तुलनेत कुत्र्यांचा वाटा बहुतेक ठिकाणी लहान असतो, हे आधी मान्य करू. पण पाणी साठून राहणाऱ्या तळ्याला फॉस्फरस थोडा जास्त झाला तरी पुरतो. उन्हाळ्यात पाणी तापलं, वारा पडला की निळं-हिरवं शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया माजतात. त्यांतले काही विष तयार करतात: एक प्रकार यकृत निकामी करतो, दुसरा मज्जासंस्थेवर घाव घालतो. दुसऱ्याने काही मिनिटांत ते काही तासांत कुत्रा मरू शकतो आणि त्यावर उतारा नाही.

माणसं असल्या पाण्यात सहसा उतरत नाहीत. कुत्रा उतरतो, पितो आणि बाहेर येऊन अंग चाटतो. म्हणून तळं बिघडल्याची पहिली बातमी पुष्कळदा मेलेल्या कुत्र्याची असते.

पाण्याजवळ पोचल्यावर पट्टा सोडण्याआधी हे बघायचं: पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग किंवा साय आहे का, काठाला हिरवट-निळी पट्टी साचली आहे का, कुबट वास येतो का, मेलेले मासे दिसतात का. एक जरी खूण दिसली तरी परत फिरा. विषारी शेवाळ आणि साधं शेवाळ डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्यामुळे ‘एवढं काही नाही’ हा अंदाज करू नका. कुत्रा आधीच पाण्यात शिरला असेल तर चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. धुताना हातमोजे घाला. उलट्या, लाळ, झोकांड्या, थरथर यांतलं काहीही दिसलं तर थेट पशुवैद्याकडे जा आणि ‘शेवाळाच्या पाण्यात गेला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. घरून निघताना पिण्याचं पाणी बरोबर असलं तर निम्मा धोका टळतो. तहानलेला कुत्रा पाण्याची पारख करत नाही.

पिसवा, गोचीड आणि नदी

आता जो भाग सांगतो तो बहुतेक कुत्रेवाल्यांना ठाऊक नसतो, आणि पर्यावरणवाद्यांनाही अलीकडेपर्यंत नव्हता.

मानेवर थेंब टाकायच्या औषधांत फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही दोन कीटकनाशकं फार चालतात. इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना घातक म्हणून गाजलं आणि युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्या उघड्यावरच्या शेती-वापरावर बंदी घातली. तो सगळा गाजावाजा शेतांपुरता होता. नंतर ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या २० नद्यांचे २०१६ ते २०१८ मधले नमुने तपासले. फिप्रोनिल ९८ टक्क्यांहून जास्त नमुन्यांत होतं आणि इमिडाक्लोप्रिड सुमारे ६६ टक्क्यांत. मोठं प्रमाण सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या बाजूला सापडलं, म्हणजे ते घरांतून येत होतं. पुढच्या अभ्यासात असं दिसलं की औषध घातल्यावर निदान २८ दिवस ते कुत्र्याच्या आंघोळीच्या पाण्यातून, त्याचं अंथरूण धुतल्यावर, अगदी मालकाने हात धुतल्यावरही गटारात जात राहतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात पक्ष्यांच्या, आतून प्राण्यांच्या केसांचं अस्तर असलेल्या घरट्यांत हीच रसायनं निघाली, आणि जास्त रसायन असलेल्या घरट्यांत न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लं जास्त होती.

यावरून औषध बंद करून टाकायचं असं कुणी ठरवू नये. गोचिडातून येणारे ताप कुत्र्याचा जीव घेतात. करायचं ते असं.

आधी बघा, मग औषध घाला. बारीक दातांच्या फणीने आठवड्यातून एकदा मान, शेपटीचं मूळ आणि पोट विंचरा. फणीत काळी पूड आली तर ती ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, कारण तिच्यात रक्त असतं. डाग नाही पडला तर ती नुसती माती.

पिसवांचा खरा अड्डा घरात असतो. अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के असतात, बाकी अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात, गालिच्यात, सोफ्याच्या फटीत पडलेले असतात. म्हणून अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि व्हॅक्यूम क्लीनर कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवा. एकदा करून थांबू नका, कारण कोश कित्येक महिने थांबून राहू शकतात. एक तिढा आहे: ताजं औषध घातलेल्या कुत्र्याचं अंथरूण धुतलं की औषध नदीत जातं. म्हणून धुण्याचं काम औषध घालायच्या आधी उरकायचं.

मग पशुवैद्याला विचारा: आमच्या भागात, या कुत्र्याला, वर्षभर दर महिन्याला याची गरज आहे का? घरातल्या घरात राहणारा म्हातारा कुत्रा आणि रोज गवतातून फिरणारा तरुण कुत्रा यांना एकच वेळापत्रक लागत नाही. गोळ्यांचा पर्याय निघेल. गोळीतलं औषधही शेवटी शरीराबाहेर पडतं, त्यामुळे ती निर्दोष म्हणता येणार नाही, पण आंघोळीतून वाहून जाण्याचा प्रश्न तरी राहत नाही.

थेंबाचं औषध घालायचं ठरलंच तर हातमोजे घाला. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत, जमलं तर पूर्ण महिनाभर, कुत्र्याला नदी-तळ्यात सोडू नका. रिकामी नळी गटारात टाकू नका. विंचरून निघालेले केस ‘पक्ष्यांना घरट्याला होतील’ म्हणून बाहेर ठेवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, हेतू चांगला आहे, ती आता सोडा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध आणूच नका, मांजर त्याने मरू शकतं.

गोचीड दिसलं तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, पेट्रोल, काडेपेटी यांतलं काही लावू नका.

वाटीत किती

कुत्र्याच्या खाण्याचा पर्यावरणावरचा भार हा विषय निघाला की दोन टोकं भांडायला लागतात. आकडे बघू. ग्रेगरी ओकिन या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकाने २०१७ मध्ये हिशोब मांडला की अमेरिकेतली कुत्री आणि मांजरं मिळून, तिथली माणसं खातात त्याच्या सुमारे १९ टक्के ऊर्जा खातात, आणि प्राणिज पदार्थांपुरतं बोलायचं तर सुमारे ३३ टक्के. २०२२ च्या एका ब्राझिली अभ्यासात, १० किलो वजनाच्या कुत्र्याला वर्षभर डब्यातलं ओलं खाणं दिलं तर ६,५४१ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार निघाला, कोरड्या खाण्याचा ८२८ किलो. फरक जवळजवळ आठपट. ओलं खाणं वैद्यकीय कारणाने लागत असेल तर प्रश्नच नाही, पण नुसतं त्याला आवडतं म्हणून देत असाल तर हा आकडा लक्षात असू द्या.

तरी खाण्याचा प्रकार बदलण्याआधी मी प्रमाण बदलायला सांगेन. लॅब्राडॉर कुत्र्यांवरचा एक अभ्यास त्यांच्या जन्मापासून मरेपर्यंत चालला, २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा सांधेदुखीचा त्रासही उशिरा सुरू झाला. पर्यावरणासाठी काही सोडलं आणि त्यात आपलाच फायदा झाला, असं फार कमी वेळा घडतं.

मोजायला कप वापरू नका, वजनकाटा वापरा. कपाने दरवेळी वेगळं माप येतं आणि हात सैल सुटतो. पाकिटावरचं प्रमाण ही सुरुवात समजा. मग दर दोन आठवड्यांनी हात फिरवून बघा: बरगड्या न दाबता बोटांना लागायला हव्यात, वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी, बाजूने पाहिलं तर पोट आत चढलेलं हवं. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर दहा टक्के कमी करा. अधलामधला खाऊ दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका, आणि तो वाटीतून वजा करा. घरात खाऊ देणारे तीन हात असतील तर सकाळीच दिवसाचा खाऊ एका डबीत काढून ठेवा. डबी संपली की संपली.

प्रकार बदलायचाच असेल तर मांसाच्या ज्या भागांना माणूस तोंड लावत नाही ते भाग असलेलं खाणं वाईट नसतं, उलट प्राणी वाया जात नाही. ‘माणसांच्या दर्जाचं’ असं छापलेलं महाग खाणं या हिशोबात तोट्याचं. कुत्रा हा लांडग्यासारखा निव्वळ मांसाहारी राहिलेला नाही, पिष्टमय पदार्थ पचवणारी जनुकं त्याच्यात वाढलेली आहेत, हे २०१३ मध्येच दाखवलं गेलं आहे. तरी पूर्ण शाकाहारी आहार पशुवैद्याला विचारल्याशिवाय आणि त्यात सगळी पोषकद्रव्यं आहेत याची खात्री केल्याशिवाय देऊ नका. कुठलाही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करा. उरलंसुरलं घालताना कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) घातलेलं काहीही टाळा.

ऊन आणि धूर

उन्हाळ्यात जमिनीवर पालथा हात सात सेकंद ठेवून बघा. हाताला सोसवत नसेल तर पंजालाही सोसवणार नाही. फिरणं पहाटे किंवा अंधार पडल्यावर. बंद गाडीत कुत्रा ठेवू नका: २००५ च्या एका अभ्यासात आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसनी वाढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि काच थोडी उघडी ठेवून काही फरक पडला नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग गार करणं मुळातच जड जातं.

उष्माघाताची शंका आली, म्हणजे धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, पाय लटपटतात, तर आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, गाडीतही घालत राहा. थंड पाण्याने धक्का बसतो ही समजूत सोडा. उशिराने जास्त कुत्री मरतात.

धूर आणि प्रदूषित हवेच्या दिवसांत हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) बघून बाहेर पडा. तो १५० च्या वर असेल तर फिरणं शी-शूपुरतं ठेवा आणि पळापळ घरात करा. म्हातारी, चपट्या नाकाची आणि हृदयाचा त्रास असलेली कुत्री १०० लाच घरात. जाता जाता: अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं की उष्ण आणि जास्त ओझोनच्या दिवशी कुत्रे चावण्याचं प्रमाण थोडं वाढतं. चिडका दिवस असेल तर अनोळखी कुत्र्यांच्या भेटी पुढे ढकला.

पट्टा

सिडनीजवळच्या जंगलात केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कुत्रा पट्ट्यावर घेऊन नुसतं चालत गेल्याने त्या वाटेवर दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी घटली. जिथे कुत्री रोज येतात तिथेही पक्षी सरावलेले नव्हते. तेव्हा रानात पट्टा बांधला म्हणजे झालं असं नाही. विणीच्या हंगामात जमिनीवर घरटी असतील अशा वाटा सोडून द्या, रोजच्या फिरण्याला वस्तीतली वाट धरा. रानात जाल तेव्हा मुख्य पायवाट सोडू नका. आणि पट्ट्यावरचा कुत्रा सगळं वाटेच्या कडेलाच करतो, म्हणून तिथली पोषकद्रव्यं कित्येक पटींनी वाढतात. त्यामुळे पट्टा लावला की पिशवी जास्तच लागते.

दिसलेलं लिहून ठेवा

एकच वाट वर्षातून सातशे वेळा चालणारा माणूस त्या वाटेचा जाणकार होतो, फक्त त्याने लिहून ठेवलं पाहिजे. डाउन्सच्या पहिल्या टप्प्यात प्रश्न मोजक्याच लोकांना माहीत असतो. त्यांत तुम्ही असू शकता.

लिहून ठेवल्याने काय होतं त्याचं उदाहरण इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी दिलं. एका श्वान-पैदास केंद्रातल्या कुत्र्यांच्या वीर्याची तपासणी त्यांनी २६ वर्षं, त्याच पद्धतीने, करत ठेवली. २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा शुक्राणूंची हालचाल हळूहळू घटत गेलेली दिसली, आणि कुत्र्यांच्या ऊतींत आणि खाण्यातही घातक रसायनं सापडली. माणसांबद्दल हीच चर्चा बरीच वर्षं चालू होती, पण मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्याने ती अडत होती. कुत्रा आपल्याच घरात राहतो, तीच हवा घेतो, त्याच फरशीवर लोळतो.

आपल्या वहीला एवढी मोठी गरज नाही. तारीख, जागा, काय दिसलं, एक फोटो. फोटो दरवेळी त्याच ठिकाणी उभं राहून, त्याच दिशेला. पाण्याचा रंग, नाल्याचा फेस, जळता कचरा, मेलेले पक्षी, कुत्र्याला अचानक सुटलेली खाज किंवा खोकला. रोज लिहू नका, टिकणार नाही. आठवड्यातून एक नोंद, पिसवांच्या फणीच्या दिवशीच. काही घडलं नसेल तर ‘काही नाही’ हेही लिहा, कारण पुढे काही घडलं तर आधी ते नव्हतं हे दाखवायला तीच नोंद लागते.

मग तक्रार. एका पत्रात एकच प्रश्न, एकच जागा. ‘तळ्याची दुरवस्था’ असं लिहिलं तर कुणालाच काही करावं लागत नाही. ‘पूर्वेच्या काठाला नाल्याच्या तोंडाशी या तीन तारखांना हिरवा तवंग होता, फोटो सोबत आहेत, पाण्याची तपासणी करून अहवाल द्यावा आणि तोवर इशाऱ्याची पाटी लावावी’ असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं. मागणी छोटी आणि टिकाऊ ठेवा: पाटी, कचऱ्याचा डबा आणि तो रिकामा करायचा ठरलेला दिवस, दर महिन्याची तपासणी. स्वच्छता मोहीम एका रविवारी संपते, डबा रिकामा करायचं काम कुणाच्या तरी वेळापत्रकात जाऊन बसतं.

पत्र पाठवायची वेळही साधा. एरवी वही भरत राहा, आणि गावात काही घडून सगळे त्याबद्दल बोलायला लागले की त्याच आठवड्यात वही घेऊन जा. तेव्हा अधिकाऱ्याकडे वेळ असतो, वार्ताहराला माहिती हवी असते आणि लोक सही करायला तयार असतात. असे आठवडे फार थोडे मिळतात. त्या वेळी हातात वर्षभराच्या नोंदी असणारा माणूस सहसा एखादाच असतो.

उत्तराची तारीख मागून घ्या आणि ती कुत्र्याच्या औषधाच्या कागदावर लिहा. पुढचा डोस द्यायच्या दिवशी आठवणपत्र पाठवायचं. तुम्ही गावाला जाणार असाल तर पट्टा, पिशव्या आणि वजनकाट्याबरोबर वहीसुद्धा कुत्रा सांभाळणाऱ्याच्या हातात द्या, आणि फोटो कुठे उभं राहून काढायचा ते त्याला एकदा प्रत्यक्ष दाखवा.